फोटोची पाठ

रविवार, रात्रीचे अकरा

दिवसभर टेबलावर वाकून पाठ भरून आलीय, पण आज झोप लवकर यायची नाही. घरातले जुने फोटो, पत्रं आणि वस्तू कॅमेऱ्यानं टिपून कॉम्प्युटरवर जपून ठेवायचं काम दर रविवारी करतेय. आज सकाळपासून 38 फोटो, 11 पत्रं आणि आजोबांचं मनगटी घड्याळ एवढंच झालं. मागच्या रविवारच्या निम्मंही नाही, तरी मला त्याची जराही खंत नाही.

पहिल्या रविवारी फार घाई केली होती. ट्यूबलाइट चालू, खिडकी उघडी, फोन हातात. संध्याकाळी बघते तर प्रत्येक फोटोची एक बाजू पिवळट आणि दुसरी निळसर. दोन वेगळ्या रंगांचे उजेड एकमेकांत मिसळले की नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटपट करा, रंग नीट जुळत नाहीत. ते सगळे परत काढले. आता पडदे ओढून घेते, खोलीतले दिवे बंद करते आणि एकाच प्रकारचे दोन बल्ब दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशांत लावते, म्हणजे चकाकी लेन्समध्ये येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, तोंड सरळ खाली, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) 100, आणि बटण दाबताना बसणारा हिसका टाळायला 2 सेकंदांचा टायमर. कॅमेरा फोटोला समांतर आहे की नाही हे बघायची युक्ती मला फार आवडली. फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवत राहायचं.

पत्रांना त्रास कमी झाला. कागद पातळ, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, त्यामुळे मागची अक्षरं पुढे उमटतात. पत्राखाली काळा कागद सरकवला की ती बरीचशी दबतात. टाचण्या गंजून कागदाला धरल्या होत्या, त्या ओढल्या नाहीत. एक एक हळूच उलगडून काढली. आजोबांच्या प्रमाणपत्राचं मात्र वाईट वाटलं. कधीतरी घरातल्याच कुणीतरी ते टिकावं म्हणून लॅमिनेट करून घेतलं होतं. आता ते प्लॅस्टिक कागदाला इजा न करता सोडवणं जवळजवळ अशक्य, आणि आत एका कोपऱ्यात बुडबुडा धरलाय. हेतू चांगलाच होता. घरात ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांना मी आता हात जोडून सांगते, लॅमिनेट करू नका, साध्या आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा.

घड्याळाला वेळ दिला. तबकडीच्या काचेत माझाच कॅमेरा दिसत होता. काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे धरलं, तेव्हा काच निवळली. मग पट्टा. चामड्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालंय, आणि पाचवं पण. चौथं मात्र गोल, नव्यासारखं. तिसऱ्यावरून एकदम पाचव्यावर. शेवटच्या आजारपणात आजोबा किती झपाट्यानं वाळले होते ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, पण ते असं कुठे नोंदलं गेलं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या दोन भोकांचा वेगळा फोटो काढला, बाजूला मोजपट्टी ठेवून.

दुपारनंतर तो चिकट पानांचा अल्बम हातात घेतला. वर पारदर्शक कागद, खाली गोंदाच्या रेघा. तो गोंद पिवळा पडून दगडासारखा झालाय. अशा अल्बमचं मी आधी एक एक पान आहे तसं टिपून घेते आणि मगच फोटोला हात लावते. सोडवताना काही फाटलंच तर निदान आधीचं रूप हातात राहतं. दात साफ करायचा फ्लॉस फोटोखाली घालून करवतीसारखा मागेपुढे करत, श्वास रोखून, एक एक फोटो सुटतो. जो सुटत नाही तो तिथेच राहू देते. रंगीत फोटो लालसर झालेत, कारण त्यातला निळा-हिरवा रंग आधी विरतो. कृष्णधवल फोटोंच्या कडांना आरशासारखी निळसर झाक आलीय, ती फोटोतलीच चांदी वर येऊन साचलेली. दिव्यांचा कोन जरा बदलला की ती झाक बरीच लपते.

त्या अल्बमातल्या एका फोटोला आम्ही यादीत ‘अनोळखी मुलगा’ असं लिहून ठेवलं होतं. सात-आठ वर्षांचं पोर, डोक्यावर बोटभर केस, अंगात ढगळ सदरा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तो फोटो सुटला आणि मी सवयीनं पुढची बाजू काढली. मग सहज उलटा केला. मागे कोरं होतं. कोरं म्हणजे, पेन्सिलीचं काहीतरी पुसून गेल्यासारखं करडं.

दिवे बंद केले आणि टॉर्च टेबलावर आडवी ठेवली, अगदी कागदाला टेकून. उजेड पृष्ठभागावरून घासत गेला की पेन्सिलीनं दाबलेल्या खाचांत सावल्या पडतात, शिसं पुसून गेलेलं असलं तरी. टॉर्च थोडी फिरवली आणि अक्षरं वर आली. ‘धाकटी. ताप उतरल्यावर.’

मुलगा नव्हताच तो.

आत्याला फोन लावला. ती भावंडांत सगळ्यात धाकटी. फोटोचं वर्णन केलं, तर पलीकडे काही क्षण शांतता. मग म्हणाली, ‘अगं, मीच ती. टायफॉइड झाला होता मला. केसांचे पुंजके हातात यायला लागले म्हणून सगळे काढून टाकले. सदरा दादाचा.’ मी विचारलं, खुर्चीला असा हात लावून उभी राहा असं फोटोवाल्यानं सांगितलं होतं का? ‘छे गं. खुर्ची सोडली असती तर पडले असते. आईनं हट्टानं नेलं होतं. मला वाटायचं, आपण इतके वाईट दिसतोय आणि हिला फोटो काय काढायचाय.’

मागे काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. ते तिला माहीत नव्हतं. म्हणाली, ‘अक्षर पाठव मला.’ मी पुढची आणि मागची, दोन्ही पाठवली. पाच मिनिटांनी तिचाच फोन आला. पुढच्या बाजूबद्दल एक शब्द नाही. ‘आईचंच आहे. ती ‘र’ असाच काढायची, शेपूट लांब ओढून. मोठा करून पाठवशील का? मला वाचायला मोठा हवाय.’

फाइलचं नाव बदललं. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण फाइल इकडून तिकडे जाताना कुणीही ते बदलून टाकतं, म्हणून फाइलच्या आतल्या माहितीतही लिहिलं. आत्या, टायफॉइडनंतर, आजीच्या हातची नोंद मागे. मूळ फाइलला हात न लावता उजळलेली प्रत वेगळी ठेवली. सगळ्याच्या तीन प्रती करतेय. दोन घरात, वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक भावाकडे.

आता लिहिता लिहिता मोजलं. पहिल्या दोन रविवारी मी 212 फोटो काढले आणि त्यातल्या एकाचीही पाठ टिपलेली नाही. खोकं पलंगाखालून बाहेर ओढलंय. टॉर्चचे सेल उद्या सकाळी बदलायचे आहेत.