निळी रेघ

"ही निळी रेघ आमच्या घरावरून गेलीय." ग्रंथालयातल्या काकांनी नकाशावर बोट टेकवलं आणि ते तिथंच राहिलं.

मी पुण्यातल्या आंबिल ओढ्याबद्दल वाचायला गेले होते. १८८५ चं पुणे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा जुना सरकारी माहितीग्रंथ, मागितलं, तर काकांनी आपणहून कपाटाच्या तळातून हा नकाशाही काढून दिला. घड्यांवर कागद विरलेला, ओढ्याची निळी रेघ मात्र अजून ठळक.

कात्रजकडून येणारा हा ओढा नानासाहेब पेशव्यांनी वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आज तिथं सारसबाग आहे. पाणी गेलं, तरी तिथल्या गणपतीला आपण अजून 'तळ्यातला गणपती'च म्हणतो. लहानपणापासून दर्शनाला जातेय, पण हे तळं कुठलं, असं कधी मनातही आलं नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. माणसं गेली. काकांच्या घरात छातीएवढं पाणी होतं.

"हा कागद तेव्हा कुणी दाखवला असता तर..." एवढंच म्हणाले. मग नकाशा जुन्याच घड्यांवर हळूच मिटला.

घर घेताना आपण किती कागद बघतो! त्या जागेचा जुना नकाशा तुमच्यापैकी कुणी पाहिलाय?