गेट सरकवला आणि चिन्ह फिरले

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा.

आज दुपारपर्यंत मी वायरी उलट्या जोडल्या आहेत असेच समजत होतो. 4.2 केल्विनपर्यंत थंड केलेल्या माझ्या कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळीच्या, दोन्ही टोकांवर पॅलेडियम-निकेलच्या चुंबकीय पट्ट्या आहेत; प्रवाह आत-बाहेर नेणारे संपर्क त्याच. एक रुंद, दुसरी अरुंद, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र हळूहळू उलट दिशेला नेले की दोघींचे चुंबकत्व एकाच वेळी पालटत नाही आणि मध्ये काही काळ त्या एकमेकींच्या विरुद्ध राहतात. इलेक्ट्रॉन आपला स्पिन, म्हणजे स्वतःची सूक्ष्म चुंबकीय दिशा, सांभाळून नळीपार गेले तर विरुद्ध पट्टीत सहज शिरत नाहीत, म्हणून तेवढ्या टप्प्यात रोध वाढायला हवा. आज तो घटला. वायरी तपासल्या, त्या बरोबर होत्या. मग गेटचे, म्हणजे नळीला न चिकटता तिच्यावर विद्युत प्रभाव टाकणाऱ्या इलेक्ट्रोडचे, व्होल्टेज किंचित सरकवले, तर त्याच नळीच्या आलेखावर खड्ड्याच्या जागी उंचवटा आला.

1999 मध्ये कोबाल्टचे संपर्क लावलेल्या नळीत रोधात सुमारे 9 टक्के बदल दिसला, तेव्हा स्पिन वाटेत टिकतो का, एवढाच प्रश्न होता. हा बदल गेटने वळवता येतो हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने 2005 मध्ये दाखवले: गेटमुळे नळीतील ऊर्जापातळ्या वरखाली होतात, त्यांतली एखादी संपर्कांच्या फर्मी पातळीशी (धातूत इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेशी) जुळली की संकेताचे चिन्ह फिरू शकते, म्हणजे वाढीच्या जागी घट येते. हे सारे पाठ असूनही पडद्यावर ते घडताना पाहून मी खुर्चीतून उठलोच.

संध्याकाळी सरांना आलेख दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, "हा स्पिनच कशावरून?" प्रश्न रास्त आहे. चुंबकीय पट्टी पालटते तेव्हा तिची फर्मी पातळीही जराशी सरकते, नळीवरच्या विद्युतभाराला ते गेटला हात लावल्यासारखेच वाटते, आणि एकही इलेक्ट्रॉन स्पिन सांभाळून पलीकडे गेला नाही तरी रोध बदलतो, तोही दोन्ही चिन्हांनी. यावर उपाय नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने 2006 मध्ये वापरला आहे: चार संपर्क घ्यायचे, प्रवाह दोघांमधून सोडायचा आणि व्होल्टेज उरलेल्या दोघांवर मोजायचे, म्हणजे विद्युतभाराची वाट वेगळी आणि स्पिनची वेगळी होते.

चार संपर्कांची एकुलती एक चांगली नळी मी मागच्या महिन्यात जाळली. घाईत, अंगावरची स्थिर वीज जमिनीत नेणारा अर्थिंगचा पट्टा मनगटाला न लावता चिप धारकात बसवली; नंतर सूक्ष्मदर्शकाखाली दोन संपर्कांच्या मध्ये नळी नव्हती, नुसती फट होती. त्याबद्दल सर काही बोलले नाहीत, हे जास्त लागले.

आता गेट दोनशे टप्प्यांत सरकवण्याचे काम संगणकावर लावून दिले आहे. नळी थंड ठेवणारे हेलियम सकाळपर्यंत पुरावे.