बिल नसलेली सरकी

गेल्या खरिपातली गोष्ट. जूनचा तिसरा आठवडा, मृगाचे दोन बरे पाऊस होऊन गेलेले. त्या दिवशी तीन कृषी केंद्रांची तपासणी ठरली होती. सकाळी कृषी सहायकाचा फोन आला, "मॅडम, सरकी न उगवल्याची तक्रार आहे, पण कागद नाहीत. तुम्ही येता का?" कागद नाहीत म्हटल्यावर मला पुढचं विचारावं लागलं नाही. आमच्या भागात त्याचा अर्थ एकच, चोर बीटी. म्हणजे परवानगी नसलेलं, चोरून विकलं जाणारं, तणनाशक सोसणाऱ्या कापसाचं बियाणं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात बियाणे, खते आणि कीटकनाशकांची निरीक्षक आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस 2002 मध्ये आला, त्याची दुसरी पिढी 2006 मध्ये. तणनाशक सोसणाऱ्या कापसाला मात्र देशात परवानगी मिळालीच नाही. त्यासाठी केलेला अर्ज कंपनीने 2016 मध्ये मागे घेतला. बियाणं यायचं थांबलं नाही. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे लावून दाखवलं. आमच्याकडे कोणी जाहीर करत नाही, लावतात मात्र गावोगाव.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे धाडी. खरं काम नमुन्यांचं असतं. एका नमुन्याचे तीन सारखे भाग करायचे. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक आमच्याकडे. प्रत्येकावर लाखेचं सील. लाख वितळवताना मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात विदर्भातल्या दुकानात पंखा बंद करून तासभर बसणं काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही.

शेत चार एकरांचं, काळी जमीन. शेत कसणाऱ्या काकू पन्नाशीच्या पुढच्या. मुलगा पुण्याला कंपनीत, शेतीचं सगळं त्यांच्याच अंगावर. सरकी एकेक दाणा टोबलेली. मी वेगवेगळ्या चार ठिकाणी ओळी धरून मोजलं, शंभर जागांमागे 38 रोपं. मग खुरप्याने रिकाम्या जागा उकरल्या. ही पायरी आमच्यातले बरेच जण टाळतात आणि "पावसाचा खंड" लिहून मोकळे होतात, मला त्याचा राग येतो. दाणे फुगून आतून कुजले होते. ओल भरपूर, खोली बरोबर, वर पापडीही धरलेली नव्हती. धुऱ्यापलीकडच्या शेतात त्याच दिवशी लावलेली परवानगीची सरकी ओळीने उभी होती. दोष बियाण्याचाच होता.

"बिल आहे का काकू?"

"बिल त नाई मॅडम. याचं बिल कोनी देते का?"

मग त्या घरात गेल्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली रिकामी थैली घेऊन आल्या. आत सुतळीने बांधलेल्या पुडीत 40 दाणे. "तुमीच सांगतलं होतं ना सभेत. थैली फेकू नका, थोडी सरकी जपून ठेवा. म्या ठेवली."

मेमध्ये ग्रामपंचायतीत खरीपपूर्व सभा झाली होती, तिथे मीच सांगितलं होतं. थैली, टॅग, बिल आणि मूठभर बियाणं, ही चार जपा म्हणून. त्यांनी जपता येईल ते सगळं जपलं होतं. थैलीवर लॉट नंबर होता, उगवण 75 टक्के छापलेली होती, कंपनीच्या नावाखाली पत्ता म्हणून नुसतं शहराचं नाव. खरी बीजी-2 ची, म्हणजे परवानगीच्या दुसऱ्या पिढीच्या बीटीची थैली त्या हंगामात 901 रुपयांना होती. ही काकूंनी 1400 ला घेतली होती.

पट्टीची तपासणी मी शेतातच करते. छोट्या नळीचं झाकण पानावर दाबलं की पानाची गोल चकती नळीत पडते. प्लास्टिकच्या काडीने ती चेचायची, द्रावण घालायचं, पट्टी उभी सोडायची. वरची रेघ यायलाच हवी, पट्टी चालते याची ती खूण. तिच्याखाली दुसरी रेघ उमटली तर तणनाशक सोसणारं प्रथिन पानात आहे. उन्हाने पट्ट्या खराब होतात, म्हणून त्या मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ओल्या फडक्याशेजारी ठेवते. घाई केली तर फिकट रेघ नजरेतून सुटते, म्हणून दहा मिनिटं घड्याळ लावून थांबते.

एकच रेघ आली. दुसरं रोप घेतलं, तिसरं, सहावं. प्रत्येक वेळी एकच रेघ. मग बोंडअळीच्या बीटीची पट्टी लावली. तिच्यात काही रोपांना रेघ आली, काहींना नाही.

म्हणजे ही चोर बीटीसुद्धा नव्हती. माझा अंदाज असा, की कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कुठल्यातरी जिनिंगमधली सरकी आम्लात धुऊन, लाल रंग लावून थैलीत भरली होती. आम्ल जास्त झालं की दाण्यातला अंकुर जळतो.

मी विचारलं, "तणनाशक कधी मारणार होता?" पडवीत ग्लायफोसेटची कॅन होती. "आठ दिवसानं. निंदाले बाया भेटत नाई, भेटल्या त तीनशे रुपये रोज. तीनदा निंदन म्हनजे काय उरते मले?" ती फवारणी झाली असती तर वर आलेली रोपंही गेली असती. मी तीनदा बजावलं, या पऱ्हाटीवर एक थेंबही नाही. ती कॅन त्यांनी माझ्यासमोर गोठ्यात नेऊन ठेवली.

विकणाऱ्याचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी बराच वेळ विचारत राहिले. शेवटी म्हणाल्या, "थो दिवाळीनंतर पैसे घेते. तुमचा दुकानदार घेते का?"

तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला बिल लागतं. तिच्या अहवालाशिवाय ग्राहक आयोगापुढे बाजू लंगडी पडते. पंचनामा करून मी ते दाणे जप्त केले असते, तर कागदावर बेकायदा बियाणं बाळगणारं एकच नाव आलं असतं, काकूंचं. आणि विकणारा सापडला तरी काय? 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 500 रुपयांपर्यंत, एका थैलीच्या किमतीपेक्षा कमी. इतर कलमं लावता येतात, पण आजवर माझ्या हाताला लागली ती मोटरसायकलवर थैल्या वाहणारी विशी-बाविशीची पोरं. थैली भरणारा एकदाही नाही. जप्त थैल्यांच्या ढिगामागे उभं राहून काढलेले फोटो वर पाठवायचे असतात, ते आम्ही पाठवतो.

मी तक्रार नोंदवली नाही. दैनंदिनीत "क्षेत्रीय भेट, उगवण पाहणी" एवढंच लिहिलं. रिकाम्या जागी तूर टोबायला सांगितलं, घरची तूर होती, काकूंनी दोन दिवसांत टोबली. सहायक परतताना म्हणाला, "मॅडम, लिहायला हवं होतं. आपण लिहीतच नाही, म्हणून वर वाटतं की असं होतच नाही." त्याचं बरोबर होतं. मी गाडीत गप्प बसले. अजूनही त्याला काय उत्तर द्यावं ते मला ठरवता आलेलं नाही.

पुडीतले 20 दाणे मी मागून आणले होते. घरी ओल्या गोणपाटात ठेवले. 7 उगवले.

या मेमध्ये काकूंचा फोन आला. थैली बिलावरच घेणार होत्या, मी सांगितलेल्या दुकानात जाऊनही आल्या होत्या. दुकानदार नगदी मागत होता. बँकेत पीककर्जाच्या नूतनीकरणाला अजून पंधरा दिवस लागतील म्हणाले होते. "तोवर पानी आला त काय करू, मॅडम?" मी म्हटलं, बँकेत मी बोलते. दोनदा बोलले. तिकडून अजून काही कळलेलं नाही, आणि आज दुपारपासून आभाळ भरून आलं आहे.