रिकाम्या बाटल्या

बॅच असली की मी पहाटे पाचला घर सोडते. मी फिरती एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये बीज आणि शुक्राणू एकत्र आणून गर्भ वाढवणारी. तालुक्याच्या गावातल्या आयव्हीएफ सेंटरला लॅबसाठी बारा महिने माणूस ठेवणं परवडत नाही. मग पाच-सहा जणींच्या पाळ्या गोळ्या देऊन एका आठवड्यात जुळवतात आणि मला बोलावतात. बायकांची शरीरं माझ्या गाडीच्या वेळापत्रकाला बांधायची, असा हा धंदा. त्यावर माझं मत विचारू नका, माझं घर त्यावरच चालतं.

त्या दिवशी पाच पिकअप होते, म्हणजे पाच जणींची बीजं सुईने काढायची होती, आणि चौथी ती. वय ३१, गर्भाशयाच्या क्षयाने दोन्ही नळ्या बंद. नवरा कोइम्बतूरला गलाईच्या दुकानात. खानापूर-आटपाडीकडच्या कितीतरी घरांत हेच चित्र: माणूस सोनं-चांदी गाळायला परमुलखात आणि बाई सासूजवळ. तो चार दिवसांची सुट्टी काढून आला होता. सोनोग्राफीत उजवीकडे ७ आणि डावीकडे ६ फॉलिकल, सगळी छान वाढलेली. मी मनात दहा बीजं धरून डिश मांडल्या होत्या.

फॉलिकल म्हणजे बीज नव्हे, बीज जिच्यात असतं ती पाण्याची पिशवी. ती १८ मिलिमीटरच्या आसपास गेली की ट्रिगरचं इंजेक्शन द्यायचं. त्याने बीज पिकतं आणि पिशवीच्या भिंतीपासून सुटायला लागतं. ३५-३६ तासांनी सुईने ओढून घ्यायचं. घाई केली तर ते भिंतीला चिकटून राहतं, उशीर केला तर पिशवी फुटून पोटात निघून जातं. म्हणून ट्रिगरची वेळ आम्ही लग्नाच्या मुहूर्तासारखी पाळतो. हिची वेळ होती आदल्या दिवसाच्या आदल्या रात्री साडेदहाची. १०.३२ ला ‘घेतलं’ असा तिचा मेसेज सिस्टरच्या मोबाइलवर आला होता.

पिशवीतून ओढलेल्या पाण्याची पहिली ट्यूब भिंतीतल्या खिडकीतून लॅबमध्ये आली. डिशमध्ये ओतली, तिरपी करून फिरवली. बीज शोधताना बीज दिसत नाही, आधी त्याच्याभोवतीचा पुंजका दिसतो. अगदी शेंबडाच्या थेंबासारखा, डिश हलवली की लांबणारा. सरावाने तो नुसत्या डोळ्यांनाही कळतो, मायक्रोस्कोप फक्त खात्रीला. इथे मात्र पेशींचे घट्ट, सपाट पापुद्रे होते, दुधावरची साय फाटल्यासारखे. लांबणारं काहीच नव्हतं.

“नाही,” मी आतून ओरडले.

दुसरी ट्यूब. नाही. तिसरी, चौथी, मग पिशवी धुऊन काढलेलं पाणी. नाही. पाचव्या ‘नाही’ला सुई धरलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “अगं, नीट बघ.” हे वाक्य प्रत्येक एम्ब्रियॉलॉजिस्टने ऐकलेलं असतं. बीजं भरपूर मिळाली की सुई धरणाऱ्याचा हात चांगला, मिळाली नाहीत की आमचे डोळे वाईट.

उजवी बाजू संपली. मला त्या पापुद्र्यांचं काहीतरी खटकत होतं. इतके घट्ट ते तेव्हाच राहतात, जेव्हा त्यांना सुटण्याचा निरोपच गेलेला नसतो. मी मास्क सावरत दारात गेले. “मॅडम, डावीला हात लावू नका. आधी लघवी तपासू.”

पिकअपच्या आधी मूत्राशय नळीने रिकामं करतात, ती लघवी भांड्यात होतीच. औषधाच्या दुकानात मिळणारं साधं गरोदरपणाचं कार्ड आणवलं. ट्रिगरच्या इंजेक्शनात असतं एचसीजी, म्हणजे गरोदरपणात तयार होतं तेच संप्रेरक. ते अंगात गेलं असेल तर कार्डावर दोन रेघा यायलाच हव्यात. (पीसीओएस, म्हणजे अंडाशयात बारीक पिशव्या खूप असणाऱ्या बायकांना आम्ही सहसा हे देत नाही. त्यांची अंडाशयं फुगून पोटात पाणी साठण्याची भीती असते, म्हणून त्यांचं ट्रिगर वेगळं. हिला ते दिलं असतं तर कार्ड मुकंच राहिलं असतं.) तीन थेंब टाकले. पाच मिनिटं. एक रेघ. कार्डच खराब असेल म्हणून तिसऱ्या पेशंटची लघवी दुसऱ्या कार्डावर टाकली. दोन रेघा, ठसठशीत.

इंजेक्शन तिच्या अंगात गेलंच नव्हतं.

सिस्टर बाहेर गेली आणि नवऱ्याकडून थर्मास घेऊन आली. हे इंजेक्शन गारव्यात ठेवावं लागतं, म्हणून बायका ते बर्फ घातलेल्या थर्मासातून नेतात, आणि रिकाम्या बाटल्या परत आणा असं आम्हीच बजावतो. तिने आणल्या होत्या, रुमालात गुंडाळून. इवल्याशा दोन बाटल्या, ५,००० युनिटच्या. सोबत तोंडं मोडलेले काचेचे दोन अँप्यूल. बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं जागच्या जागी होती. मी एक उजेडाकडे धरली. तळाशी पांढुरकं काहीतरी, तांदळाच्या पेजेचा थेंब वाळावा तेवढं. तेच औषध. सहज बघणाऱ्याला बाटली रिकामीच वाटेल.

तिने अँप्यूलमधलं पाणी टोचून घेतलं होतं. नुसतं सलाइन, बरोबर साडेदहाला.

दहा दिवस पेनने इंजेक्शनं तिची तीच घेत होती, एकदाही चूक नाही. हे शेवटचं वेगळं होतं. पाणी आणि पावडर कालवायचं हे सिस्टरने फोनवर सांगितलं होतं म्हणे. आणि सोबत दिलेली चिठ्ठी? ती मीच तयार करून दिलेली आहे, या सेंटरला आणि आणखी तीन सेंटरना. त्यात वेळ ठळक अक्षरात, वेळेखाली दोन रेघा, ‘पाच मिनिटंही इकडे-तिकडे नको’. कालवण्याबद्दल एक ओळ नाही. औषधाचं नाव आणि मात्रा इंग्रजीत.

पुढचं भराभर झालं. सव्वाअकराला तिथल्या तिथे नव्याने ट्रिगर दिला, डाव्या पिशव्या आपोआप फुटू नयेत म्हणून आणखी एक इंजेक्शन दिलं. पिकअप दुसऱ्या रात्री अकराला. भूलतज्ज्ञ कुरकुरत आले, माझी सोलापूरची बॅच एक दिवस पुढे गेली आणि तिथल्या डॉक्टरांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. नवऱ्याने मालकाला फोन करून आजीला मारलं. आधीच वारलेल्या आजीला, असं तोच नंतर म्हणाला.

रात्री पहिल्याच ट्यूबमध्ये तो थेंब लांबला. ६ पिशव्यांतून ५ बीजं, त्यातली ४ पक्व. पक्व बीजांत एकेक शुक्राणू सुईने सोडून, म्हणजे इक्सी करून, हात धुतले तेव्हा दोन वाजले होते. तीन बीजांत फलन झालं. पाचव्या दिवशी दोन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगे गर्भ, झाले, ते −१९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये गेले.

पण मला झोपू देत नाही ती आदल्या सकाळची गोष्ट. भूल उतरल्यावर मॅडमनी नवऱ्याला आणि सासूला केबिनमध्ये घेतलं आणि म्हणाल्या, “कधीकधी औषधाचा लॉटच खराब निघतो. तिची काही चूक नाही.” सासू म्हणाली, “तरीच.” मी मागे उभी होते, एप्रनच्या खिशात त्या दोन बाटल्या.

आधी मला रागच आला. खोटं कशाला? मग वाटलं, सासूसमोर खरं सांगून त्या घरात काय झालं असतं? आणि मग, गाडीत, तासगावच्या पुढे, लक्षात आलं की त्या खोट्याने ती जेवढी वाचली त्याहून जास्त आम्ही वाचलो. फोनवर उरकणारी सिस्टर वाचली, सेंटर वाचलं, माझी चिठ्ठी वाचली. लॉट खराब म्हटलं की कोणाला काही विचारायचं उरत नाही. केसपेपरवर ‘ट्रिगर फेल्युअर’ असं लिहिलंय. त्याखाली कोणी काही लिहिलं नाही, मीही नाही.

चिठ्ठी मी बदलली. आता मराठीत आहे, चित्रासकट. त्या बाटल्या माझ्या किटमध्ये आहेत. नव्या सिस्टरना दाखवून विचारते, यात काय आहे? बहुतेक जणी म्हणतात, “रिकामी आहे.”

दोन महिन्यांनी ती ट्रान्सफरला, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडून घ्यायला, आली. गर्भ कॅथेटरच्या बारीक नळीत भरण्याआधी मी बाहेर येऊन पेशंटला तिचं नाव तिच्याच तोंडून वदवून घेते, नियमच आहे. तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. मी वळले तर तिने एप्रन धरला.

“मॅडम, त्या बाटल्या तुमच्याकडंच हायत न्हवं?”

मी हो म्हणाले.

ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, “असू द्या. आत्यास्नी तेवढं कळू देऊ नका.”