कोलंबसमध्ये पोगोच्या मूळ चित्रांसमोर

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात, हाय स्ट्रीटला लागून सलिव्हंट हॉल आहे. बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम २०१३पासून याच इमारतीत आहे. मी गेलो तो दलदलीतल्या प्राण्यांवरची ‘पोगो’ ही चित्रमालिका काढणारे अमेरिकन व्यंगचित्रकार वॉल्ट केली (१९१३-१९७३) यांच्या कामासाठी. दालनं बघायला तिकीट नाही, पण संग्रहातलं काही हाताळायचं असेल तर वाचनकक्षासाठी आधी कळवून साहित्य मागवून ठेवावं लागतं. आत फक्त पेन्सिल चालते, शाईचं पेन नाही. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून बसायचं.

डिस्नेची नोकरी सोडून केली डेल या प्रकाशनसंस्थेच्या कॉमिक्सकडे वळले. ‘अ‍ॅनिमल कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अल्बर्ट मगर आणि बंबझीन नावाचा मुलगा पुढे आहेत, पोगो ऑपॉसम (अमेरिकेतला पिशवीवाला लहान प्राणी) कडेला. अंकाची रुंदी पावणेआठ इंचांच्या आसपास, म्हणजे आजच्या कॉमिकपेक्षा इंचभर जास्त. कागद वर्तमानपत्राचा. त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे तो पिवळा पडतो, आम्लामुळे ठिसूळ होतो. पान कोपऱ्याला धरून उलटलं तर तुकडा हातात येतो, म्हणून खालून पूर्ण तळवा घालून उचलावं. पिना गंजलेल्या असतात आणि मधलं पान तिथेच आधी सुटतं. अंक उघडेल तेवढाच उघडावा, सपाट दाबू नये.

एवढी काळजी का, तर डेलची कॉमिक्स तयार करणाऱ्या वेस्टर्न पब्लिशिंगने छपाईनंतर बहुतेक मूळ चित्रं नष्ट केली. त्या गोष्टींपुरता हा ठिसूळ अंकच शिल्लक पुरावा.

वर्तमानपत्रातल्या पोगोचं तसं झालं नाही. ही मालिका ऑक्टोबर १९४८मध्ये ‘न्यूयॉर्क स्टार’मध्ये सुरू झाली. तिची मूळ चित्रं समोर आली की आधी कच्च्या रेखाटनाच्या निळ्या पेन्सिलीकडे पाहावं. शाई चढवल्यावर केली ती खोडत नसत, कारण छापखान्याच्या फिल्मला फिका निळा पांढराच दिसायचा. त्यामुळे एका अल्बर्टखाली आणखी दोन-तीन अल्बर्ट सापडतात: शेपटी आधी डावीकडे, जबडा जास्त उघडा. शाईची रेघ ब्रशची आहे. झाडाच्या बुंध्यावर ती जाड सुरू होऊन केसाएवढी बारीक होते. छापील आकारात लहान होताना आणि शाई पसरताना यातला बारकावा मरतो, आणि नेमका तोच बारकावा माझ्या मते केलींचं खरं मोठेपण आहे. दलदलीतली झाडं इतक्या मायेनं दुसऱ्या कुणी काढलेली मला माहीत नाहीत.

अक्षरंही सावकाश बघावीत. मालिकेतल्या पात्रांपैकी डीकन मशरॅट गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन हस्तलिखितांसारख्या टोकदार अक्षरांत बोलतो, पी. टी. ब्रिजपोर्ट सर्कशीच्या पोस्टरच्या अक्षरांत. केली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टमध्ये वाढले, आणि सर्कसवाले पी. टी. बार्नम त्याच गावचे महापौर होते.

वेळ उरला तर चाळीसच्या दशकाच्या मध्यातले ‘आवर गँग कॉमिक्स’चे अंक मागवा. त्यात मुलांच्या टोळीच्या गोष्टी केलींच्या आहेत आणि बार्नी अस्वल व बेनी गाढवाच्या कार्ल बार्क्स यांच्या. बार्क्स तेव्हा डोनाल्ड डकही काढत होते, पण त्या गोष्टींवर त्यांचं नाव छापलं जात नसे. इथे दोघांची रेघ एकाच कागदावर, एकाच छपाईत ताडून बघता येते: केलींची ब्रशने फुगणारी, बार्क्सची घट्ट आणि मोजकी.