गुळव्याचा पाट

गुऱ्हाळाच्या वाटेला लागलो तेव्हाच आवाज कानावर आला. मोठ्या चाकांचं राजकोटी इंजिन संथ चालतं, दोन ठोक्यांच्या मधे माणूस तंबाखू मळून घेईल. हा आवाज तसला नव्हता. सलग घरघर होती आणि ती चढत चालली होती.

मोटारसायकल तशीच टाकून पळालो. शेडमध्ये गुऱ्हाळाच्या मालकांचा, आण्णांचा, थोरला मुलगा स्टॉपचा दांडा दोन्ही हातांनी ओढून धरून उभा होता.

"मिस्त्री, थांबंना झालंय!"

पट्टा अजून मोकळ्या पुलीवर, म्हणजे लोड काहीच नाही. हजाराच्या आत फेरे घ्यायचं इंजिन किती पळत होतं कोण जाणे. वेग दुप्पट झाला की चाकावरचा ताण चौपट होतो, आणि ही चाकं बिडाची. बीड वाकत नाही, एकदम फुटतं. चाकाच्या रेषेत कामाला आलेली चार माणसं उभी होती. "बाजूला व्हा" म्हणून ओरडलो, पण त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

एअर क्लिनर दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलेला, हवेचं तोंड उघडंच होतं. पोतं लावलं असतं तर आत ओढलं गेलं असतं. चुलवाणापाशी गुळव्याचा, म्हणजे गूळ शिजवणाऱ्याचा, बसायचा पाट दिसला. तो उचलून तोंडावर दाबला. इंजिननं पाट असा खेचला की माझी बोटं अडकता अडकता वाचली. काळा धूर, दोन आचके, मग चाकं आपल्या वजनानं फिरत फिरत थांबली. शेडमध्ये कुणी बोलेना.

याची सुरुवात ऑक्टोबरात माझ्याच पंप-रूममध्ये, म्हणजे डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात झाली होती. एमआयडीसीतली एक फाउंड्री बंद पडली, तिच्या स्टोअरमधला माल लिलावात निघाला, आणि आण्णांनी हायड्रॉलिक ऑइलची, म्हणजे यंत्रांत दाब पोचवणाऱ्या तेलाची, पाच सीलबंद बॅरलं उचलली. 210 लिटरचं एकेक, लिटरला चाळीस रुपये पडलं. डिझेल तेव्हा नव्वदच्या घरात. वापरून काळं झालेलं ऑइल असतं तर मी हातच लावला नसता. ते घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जावं लागतं. पण हे कोरं होतं. आण्णा बाटलीत नमुना घेऊन आले. मधासारखा रंग, आरपार दिसणारं.

"इंजानात चालंल का, मिस्त्री?"

चालण्याचं म्हणाल तर 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. किती दिवस चालेल, हे मात्र विचारावं लागतं. बॅरलवरचा 68 हा आकडा म्हणजे 40 अंश तापमानाला तेल किती घट्ट, त्याचं माप. त्याच मापात डिझेल 2 ते 4.5 असतं. म्हणजे हे ऑइल किमान पंधरा पट घट्ट, आणि थंडीच्या पहाटे त्याहून जास्त. मोठ्या जहाजांची इंजिनं याहून घट्ट तेल जाळतात, पण ते शंभर अंशांच्या वर तापवून मगच पंपाला देतात. गुऱ्हाळावर ती सोय कुठली!

आण्णांना मी नोझल टेस्टरवर, म्हणजे इंजिनात तेल फवारणारा नोझल तपासायच्या हातपंपावर, प्रयोगच दाखवला. डिझेल घातलं तर दोनशे बारच्या आसपास नोझल उघडतो आणि धुकं उडतं. नुसतं ऑइल घातलं तर धुळवडीची पिचकारी. ती धार पिस्टनवर आपटते, अर्धवट जळते आणि कार्बन धरते. डिझेलच्या सात भागांत ऑइलचे तीन भाग घातले तर जवळजवळ धुकंच. ते बघून मी हो म्हणालो. अट एवढीच की डिझेलवर सुरू करायचं, गरम झालं की मिश्रणावर न्यायचं आणि बंद करायच्या आधी दहा मिनिटं परत डिझेलवर, म्हणजे पंप धुऊन निघतो. थोरल्यानं कोळशानं भिंतीवर लिहूनही ठेवलं. पुतण्या त्याच्या बीएस-6 पिकअपबद्दल विचारायला लागला, त्याला तिथंच गप्प केलं. त्यातल्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना तेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, हजार बारच्या वर दाब असतो. शिवाय या ऑइलातल्या जस्ताची राख सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये बसते ती निघत नाही.

अडीच महिने इंजिन तक्रार न करता चाललं. मग संक्रांतीला गुऱ्हाळ चार दिवस बंद राहिलं. सणाच्या घाईत थोरल्यानं दहा मिनिटांचं डिझेल चुकवलं. पाचव्या दिवशी पहाटे सुरू करताना रॅक, म्हणजे पंपातून किती तेल जायचं ते ठरवणारी दांडी, घट्ट लागला, त्यानं तो जोर लावून पूर्ण उघडला आणि हँडल मारलं. इंजिन लगेच सुरू झालं, डिझेलवरच. पण रॅक तिथंच अडकला. वेग वाढला की तो आवरणाऱ्या गव्हर्नरची वजनं रॅक मागं ओढतात, त्यांना तो हलेना. स्टॉपचा दांडाही त्याच रॅकला जोडलेला.

पंप उतरवताना माझं बोलणं तयारच होतं: घट्ट ऑइल, सांगितलेलं ऐकलं नाही, वगैरे. फिल्टरची वाटी खोलली आणि गप्प बसलो. तळाला बोटभर पाणी. रॅकवर तांबूस गंज, मुंग्यांची रांग चालावी तसा ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला.

शेडच्या मागं जाऊन बॅरल बघितलं. फाउंड्रीच्या आवारात ती पावसाळाभर उघड्यावर उभी असणार. उभ्या बॅरलच्या वरच्या पत्र्यावर पाणी साचतं. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आकसतं आणि बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढतं. सील शाबूत असलं तरी. आत गेलेलं पाणी तळाला बसतं. आण्णांनी नमुना आणला होता वरून. माझ्यासारख्या तीस वर्षं पंप खोलणाऱ्यानं एक नळी तळापर्यंत घालून बघायला नको होतं का? जानेवारीत चालू बॅरल तळाला आलं होतं, म्हणजे ते पाणीच पंपात गेलं.

थोरला खाली मान घालून उभा होता. आण्णा त्याला झापायला लागले तेव्हा मी म्हटलं, "आण्णा, त्याची दहा मिनिटं चुकली, पण पाणी माझ्याकडून सुटलं." रॅक आणि तेल दाबणारा एलिमेंट बदलून पंप तपासणीच्या बेंचवर लावला. मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. उरलेली बॅरलं छपराखाली आडवी केली, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी. आता ते ऑइल घाण्याच्या बेअरिंगला जातं. इंजिनाला नुसतं डिझेल.

मी निघालो तेव्हा गुळवे पाट शोधत आले. वयस्कर माणूस, काहिलीवरचं लक्ष हलवत नाहीत कधी. पाटावर मधोमध गोल वळ उठला होता. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसून बघितला, निघाला नाही, तर तसाच मांडून बसले आणि चुलव्याला म्हणाले, "चिपाड सार की आत. आदाण थंड पडलं."