‘काका, नवीन काहीच नाही टाकलं’

सांगलीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. परवा नववीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांचं (ब्लॉकचं) जग बांधायचा गेम, चालू होतं, पण एक मोठी चेस्ट, म्हणजे सामान ठेवायची पेटी, उघडली की गेम बंद. "नवीन काय टाकलंस?" "काका, नवीन काहीच नाही टाकलं." हे उत्तर रोज ऐकतो, म्हणून कानाआड केलं.

आधीच्या दुकानात त्यांना फॉरमॅट मारायला सांगितलं होतं. याचा मला फार राग येतो. फॉरमॅटवाले डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढे कॉपी करतात, आणि माइनक्राफ्टची जगं असतात लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये. पोरीची दोन वर्षांची मेहनत एका दुपारी गेली असती.

मॉड, म्हणजे गेममध्ये वरून टाकलेल्या जोडण्या, होते 118. गेम पडला की तयार होणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये नाव मोठ्या चेस्ट देणाऱ्या मॉडचं. तो काढला, गेम पडायचं थांबलं. "सापडलं," म्हणालो आणि बघतो तर चेस्टच्या जागी नुसती फरशी! मॉड काढला की त्याचे ब्लॉक जगातून जातात, आणि तसंच सेव्ह झालं तर मॉड परत टाकूनही येत नाहीत. मी कॉपीवर काम करत होतो, पण हे तिला सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

मग उलटं केलं. तो एक मॉड आणि इतरांना लागणारे सहा लायब्ररी मॉड, एवढंच ठेवलं. चेस्ट व्यवस्थित उघडली. म्हणजे त्याचं दुसऱ्या कुणाशी तरी जमत नव्हतं. गेम कुठे पडला ते रिपोर्ट सांगतो, ढकललं कुणी ते सांगत नाही.

राहिले 111. निम्मे आत, निम्मे बाहेर. पडला तर आतल्यांत, नाही तर बाहेरच्यांत. 56, 28, 14, 7... दर फेरीला जगाची नवी कॉपी, कारण आधीच्या कॉपीतले ब्लॉक उडालेले. दर फेरीला चार मिनिटं लोडिंग. ती शेजारी स्टुलावर बसून वहीत लिहीत होती: आत कोण, बाहेर कोण, पडला की नाही. अशी वही ठेवा म्हणून माझ्याकडच्या पोरांना तीन वर्षं सांगतोय.

सातव्या फेरीत सापडला: चेस्टमधल्या वस्तू एका बटणात लावून देणारा मॉड. खात्रीसाठी 54 कप्प्यांची चेस्ट ठेवली, उघडली. 108 कप्प्यांची ठेवली, पडला. मूळ गेममधल्या दोन चेस्ट जोडून होणाऱ्या मोठ्या चेस्टला 54च कप्पे असतात, त्यापुढचं त्याला झेपत नव्हतं. त्याचे स्वतःचे ब्लॉक नाहीत, म्हणून तोच काढला.

दोन्ही मॉड वर्षभर एकत्र नांदत होते. तिने मोठी चेस्ट बनवली ती गेल्या रविवारी, गेमच्या आत. टाकलं खरंच काही नव्हतं. "नवीन काय बनवलंस?" असं विचारलं असतं तर दुपार वाचली असती.

मूळ जगातली चेस्ट उघडून तिने एकेक कप्पा तपासला, मगच लॅपटॉप मिटला. तू खरं बोलत होतीस, हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.